काटकसर आणि कायदा : मद्रासच्या इंजिनांची कथा

नोकरीच्या निमित्ताने मराठी माणूस चेन्नईस येतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार येतो तो तंजावरचा. सरफोजीराजांचा सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतींवर कोरलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहण्यासाठी तो पहिल्या सलग सुटीत दक्षिणेची गाडी धरतो. हे सर्वथा योग्यच आहे. परंतु दूर दक्षिणेत आपल्या पूर्वजांच्या खुणा शोधणाऱ्या आमच्या बांधवांचे लक्ष या शहराच्या उत्तरेकडे सहसा जात नाही. सेंबियम, तिरुवोट्टियूर, एण्णूर आणि मणली ही नावे कचेरीच्या कागदांवर आम्ही वाचतो. तेथे जाण्याची मात्र आम्हांस इच्छा होत नाही. तेथे ना देऊळ, ना वाडा. तेथे आहेत कारखाने, आणि त्या कारखान्यांत गेली कित्येक दशके इंजिने घडत आली आहेत. इंजिनाच्या पोटात इंधन कसे जाळावे, थोड्यात जास्त काम कसे करून घ्यावे, आणि त्याच्या धुराचे काय करावे, या तीन प्रश्नांचा हिंदुस्थानातील इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यातील निम्मी पाने या उत्तर मद्रासला द्यावी लागतील. उरलेल्या पानांत पुण्याचा वाटा मोठा आहे, हे पुढे दिसेलच.

हा इतिहास आम्ही यंत्रज्ञांसाठी सांगत नाही. आमचा वाचक बहुधा सरकारी सेवेत आहे, आणि या कथेत सरकारी कागदाला जे स्थान आहे ते त्याच्या दृष्टीस पडावे एवढाच आमचा हेतू आहे.

आरंभ घोडागाडीपासून करावा लागतो. १८४० साली सिम्पसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने मद्रासेत गाड्या बांधण्याचा धंदा सुरू केला. संस्थानिकांच्या बग्ग्या आणि साहेबांचे रथ बांधता बांधता शतक उलटले, आणि १९०३ साली त्याच सिम्पसन कंपनीतील सॅम्युएल जॉन ग्रीन याने वाफेवर चालणारी मोटार बांधून मद्रासच्या रस्त्यावर आणली. हिंदुस्थानात बांधलेली ही पहिली वाफेची मोटार म्हणून तिची गणना होते. वाफेच्या गाडीत अग्नी बाहेर असतो. तो पाण्यास तापवतो, आणि वाफ दट्ट्यास ढकलते. आग आणि काम यांच्यामध्ये पाणी हा मध्यस्थ असतो, आणि प्रत्येक मध्यस्थाप्रमाणे तोही आपली दलाली घेतो. उष्णतेचा फार मोठा भाग वाटेतच नाहीसा होतो.

हा मध्यस्थ काढून टाकण्याची युक्ती युरोपात तोवर सिद्ध झाली होती. १८७६ साली निकोलाउस ओट्टो याने चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी करून दाखवले होते. दट्ट्या पहिल्या फेरीत हवा व इंधन यांचे मिश्रण आत ओढतो, दुसरीत ते दाबतो, तिसरीत ठिणगीने पेटलेल्या मिश्रणाचा धक्का खाऊन काम करतो, आणि चौथीत जळून उरलेला वायू बाहेर टाकतो. या साऱ्या कथेचा मर्म दुसऱ्या फेरीत आहे. मिश्रण जितके अधिक दाबावे तितके तेवढ्याच इंधनातून अधिक काम मिळते. मग ते हवे तेवढे का दाबू नये? कारण फार दाबले तर ते ठिणगीची वाट न पाहता स्वतःच भडकते, आणि इंजिनात हातोडा मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. अशा ठोक्यांनी दट्ट्या फुटतो. ओट्टोनंतरच्या शंभर वर्षांतील पेट्रोल इंजिनाचा इतिहास हा बव्हंशी या ठोक्याशी चाललेल्या झुंजीचा इतिहास आहे.

रुडॉल्फ डिझेल याने ही अडचण उलटी वापरली. इंधन आधी मिसळावयाचेच नाही. केवळ हवा दाबावयाची, आणि ती इतकी दाबावयाची की ती स्वतःच धगधगीत तापावी. मग त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडावयाचा. तो ठिणगीवाचून पेटतो. १८९७ साली औग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची रीतसर परीक्षा झाली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भाग कामी लागल्याचे आढळले. त्या काळच्या बहुतेक वाफेच्या यंत्रांस याच्या निम्मेही साधत नसे.

दक्षिणेत मोटारीचे युग खऱ्या अर्थाने आणले ते टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी. १९१२ साली त्यांनी मदुरा येथे बससेवा सुरू केली, आणि तिच्या वक्तशीरपणाचा लौकिक अजूनही सांगितला जातो. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या संस्थेचे मोठे काम दुसऱ्या महायुद्धातील आहे. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथील तेलविहिरी आपल्याला अंतरल्या. जे पेट्रोल होते ते सैन्यासाठी राखून ठेवणे भाग होते. बसगाड्या उभ्या राहण्याची वेळ आली. तेव्हा टी. व्ही. एस. ने कोळशाच्या वायूवर बस चालवणारे संयंत्र तयार करून विकावयास काढले. गाडीस जोडलेल्या उभ्या भट्टीत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत धुमसत ठेवावयाचा, त्यातून निघणारा वायू गाळून थंड करावयाचा, आणि पेट्रोलऐवजी तोच इंजिनास पाजावयाचा, अशी ती योजना होती.

ज्यांनी त्या काळच्या गाड्यांतून प्रवास केला त्यांनी त्यांच्या गमती पुष्कळ सांगितल्या आहेत : चढ आला की उतारूंनी खाली उतरावे, सकाळी भट्टी पेटेपर्यंत वाट पाहावी, काजळीने कपडे काळे करून घ्यावेत. या वायूने इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही, घटे. परंतु त्या भट्टीत एक मोठा धडा दडलेला होता. तिच्यातून निघणाऱ्या वायूचा जळणारा मुख्य भाग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत शेगडी पेटवून निजणाऱ्यांचे जो प्राण घेतो तोच हा विषारी वायू. तो जळू शकतो, म्हणून तो इंधन. आणि तो इंजिनाच्या धुराड्यातून न जळता बाहेर पडला, तर तेवढे इंधन फुकट गेले. धूर म्हणजे न जळलेले धन, हे त्या युद्धकाळात दक्षिणेतील प्रत्येक बसमालकास कळून चुकले होते. घाण आणि उधळपट्टी या तेथे एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या; जो काटकसर करी त्याच्या गाडीचा धूर आपोआप कमी होई.

ही समजूत पुढील तीस वर्षे पुरली, आणि ती पुष्कळ अंशी खरीही होती. तिच्या मर्यादा मागाहून कळल्या.

स्वातंत्र्यानंतर देशात मोटार नुसती जुळवावयाची की घडवावयाची, हा प्रश्न आला. १९२८ पासून मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सचा कारखाना परदेशातून आलेल्या सुट्या भागांच्या गाड्या जुळवीत असे. १९५३ साली जकात आयोगाने असे मत दिले की, ज्यांच्यापाशी येथेच भाग घडवण्याची योजना आहे त्यांनाच या धंद्यात ठेवावे. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला, आणि मद्रासचे भाग्य उघडले. १९४८ साली रघुनंदन सरन यांनी अशोक मोटर्स ही कंपनी काढली होती. तिने एण्णूर येथे प्रथम ऑस्टिन मोटारी जुळवल्या. नंतर इंग्लंडातील लेलँड कंपनीशी करार होऊन १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली, आणि मोटारी सोडून लॉऱ्या व बसगाड्या यांच्याकडे वळली. इकडे सिम्पसनची सूत्रे एस. अनंतरामकृष्णन यांच्याकडे आली होती. त्यांनी सेंबियम येथे पर्किन्सची डिझेल इंजिने करावयास घेतली आणि त्यांना लागणाऱ्या भागांचे कारखाने भोवती उभे केले. १९४९ साली निघालेली इंडिया पिस्टन्स ही त्यांपैकीच एक. १९५५ साली तिरुवोट्टियूर येथे एन्फील्डची बुलेट फटफटी बनू लागली. तीन वर्षांपूर्वी, १९५२ साली, आपल्या सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी याच जातीच्या ८०० गाड्या मागवल्या होत्या, हे तिचे निमित्त. १९६० च्या सुमारास पाडी येथे टी. व्ही. एस. चे सुट्या भागांचे कारखाने निघाले.

याच काळात आपल्याकडेही पुण्यास हीच चक्रे फिरत होती. शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ साली खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली. तिची डिझेल इंजिने देशभर शेतीचे पंप चालवू लागली. तमिळनाडूच्या कित्येक विहिरींवर एखादा मराठी शब्दही न समजणारा शेतकरी किर्लोस्कर हे नाव मात्र ओळखीत असे. १९६६ मध्ये पुण्यासच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन स्थापन झाली. गाडी नियमात बसते की नाही हे पारखून देण्याचे काम पुढे तिच्याकडे आले. मद्रासने इंजिन घडवावे व पुण्याने ते तपासावे, असा योग त्यामुळे वारंवार आला.

त्या पिढीपुढचा प्रश्न एकच होता : परदेशी चलन थोडे, तेल बाहेरून आणावयाचे, तेव्हा एका लिटरात गाडी अधिक मैल कशी जाईल? पेट्रोलच्या लॉरीतील मूळ इंजिन काढून तेथे डिझेल बसवण्याची प्रथा त्यातूनच पडली. मग डिझेलचा धूर. त्याचे तीन रंग आमच्या वाचकांनी पाहिले असतील. काळा धूर म्हणजे तेलास पुरती हवा न मिळाल्यामुळे उरलेली काजळी. निळा धूर म्हणजे दट्ट्याच्या कड्या झिजून वर चढलेले व जळलेले वंगण. आणि थंड इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे न पेटताच बाहेर पडलेली तेलाची वाफ. तिन्हींवरील उपाय कारागिराच्या हातात होते. कड्या चोख बसवाव्या, फवाऱ्याचे तोंड साफ ठेवावे, पंप बेताने लावावा आणि तेलाच्या मानाने हवा पुरेशी द्यावी. यांपैकी प्रत्येक उपायाने तेल वाचे आणि धूरही घटे. १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने मद्रासेत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन झाली. गिंडीच्या रानातील तिच्या प्रयोगशाळेत ज्वलनाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. पुढे मद्यार्क, जैववायू, हायड्रोजन अशी निरनिराळी इंधने इंजिनास पाजून पाहण्यात आली. तेथील अभ्यासकांचाही मुख्य ध्यास इंधनाची बचत हाच होता.

परंतु काटकसर आणि स्वच्छता यांची जोडी सर्वत्र टिकत नाही. ती कोठे फुटते हे समजून घेणे, हाच या इतिहासाचा गाभा होय.

पहिली फूट पेट्रोलात पडली. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली याने शोधून काढले की, पेट्रोलात शिशाचे एक संयुग थोडेसे मिसळले असता ठोका थांबतो. ठोका थांबला म्हणजे मिश्रण अधिक दाबता येते. अधिक दाबले म्हणजे त्याच पेट्रोलात अधिक काम मिळते. काटकसरीच्या दृष्टीने याहून सोन्याची युक्ती नव्हती. परंतु शिसे जळून नाहीसे होत नाही. ते धुरातून बाहेर पडते, रस्त्याच्या धुळीत बसते, श्वासातून रक्तात जाते, आणि लहान मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटवते. येथे बसमालकाचा वा मोटारवाल्याचा स्वार्थ मुलांच्या आरोग्याच्या बाजूने उभा राहत नव्हता. तो उलट बाजूस होता. शिसे काढले तर मोटारवाल्याचा तोटा होता. ठेवले तर ज्याच्यापाशी मोटार नाही त्याच्या मुलाचा.

असा पेच कारागीर सोडवू शकत नाही. तो सोडवण्यास राज्यसत्ता लागते. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या याचिकेवर वर्षानुवर्षे सुनावणी झाली. अखेर १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार नगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, आणि तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींस उत्प्रेरक धुराडे बसवणे सक्तीचे झाले. या धुराड्यात प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ लेप असतो. त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. शिशाचा स्पर्श झाला की हा लेप निकामी होतो; म्हणून शिसे घालवल्यावाचून हे धुराडे बसवणेच व्यर्थ होते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. आमच्या मते गेल्या अर्धशतकात देशातील मुलांवर झालेल्या मोठ्या उपकारांत याची गणना व्हावी. त्याचा उत्सव कोणी केला नाही, कारण जे अनिष्ट घडलेच नाही त्याची वर्दी कोणी देत नसतो.

दुसरी फूट डिझेलात पडली, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. इंजिनातील ज्वाला जितकी प्रखर तितके काम उत्तम आणि काजळी कमी. पण त्या प्रखर उष्णतेत हवेतीलच नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. तीच पुढे सूर्यप्रकाशात शहरावर तपकिरी धुके पसरतात. लॉस एंजेलिसच्या धुक्याचे हे कोडे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात उलगडले. हे विष इंधन वाया गेल्यामुळे होत नाही. इंधन उत्तम जळल्यामुळे होते! ज्वाला मंद केली तर हे विष घटते, पण काजळी वाढते आणि तेलही अधिक लागते. काजळी दाबावी तर ऑक्साइडे उसळतात. ऑक्साइडे दाबावी तर काजळी. येथेही काटकसरी मालकावर विसंबून चालणार नव्हते.

तिसरी अडचण इंजिनात नव्हतीच. ती तेलात होती. मणली येथील मद्रास रिफायनरीज ही कंपनी १९६५ च्या अखेरीस सरकार, एक अमेरिकन कंपनी व इराणची राष्ट्रीय तेल कंपनी यांच्या भागीदारीत स्थापन झाली; १९६९ मध्ये तिच्यात वर्षास २५ लाख टन तेल शुद्ध होऊ लागले. देशात त्या काळी जे डिझेल विकले जाई त्यात शेकडा एक भागापर्यंत गंधक चालत असे. गंधक जळून दाहक वायू होतो, सूक्ष्म कण होतात, आणि उत्प्रेरकाचाही घात होतो. म्हणजे कारखानदाराने कितीही उत्तम धुराडे केले तरी शुद्धीकरण कारखान्याने गंधक काढल्यावाचून ते फुकट. आणि शुद्धीकरण कारखान्याने हजारो कोटी खर्चून गंधक काढले, तरी जुन्याच इंजिनात ते तेल जाळले तर त्या खर्चाचे पुरते चीज होत नाही. एकाने दुसऱ्याची वाट पाहावी, दुसऱ्याने पहिल्याची. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी दोन खात्यांमधील पत्रव्यवहार सांभाळला आहे त्यांस ही स्थिती अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

ही कोंडी फोडण्यासाठी तारखा बांधलेला एक सामाईक आराखडा लागत होता. पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिली मर्यादा १९९१ मध्ये व डिझेल गाड्यांच्या धुरावर १९९२ मध्ये आली होती. २००० साली युरोपच्या धर्तीवरील पहिला टप्पा देशभर लागू झाला. पुढचा मार्ग आखण्यासाठी २००१ मध्ये सरकारने एक तज्ज्ञ समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातील माशेल येथे जन्मून मुंबईत गरिबीत वाढलेल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेचे संचालकपद भूषवलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव येथे मराठी वाचकास सुखावेल. समितीने २००२ मध्ये अहवाल दिला, आणि २००३ मध्ये सरकारने त्यावर आधारलेले वाहन-इंधन धोरण स्वीकारले. तेल व इंजिन यांची पावले एकाच दिवशी पडावीत, हे त्यातील मुख्य सूत्र. २००५ मध्ये अकरा शहरांत तिसरा टप्पा आला, त्यांत चेन्नई व पुणे ही दोन्ही होती. २०१० मध्ये तेरा शहरांत चौथा टप्पा आला, त्यांत आपले सोलापूरही होते.

या टप्प्यांचा अर्थ आकड्यांनी स्पष्ट होईल. बस वा लॉरीच्या इंजिनाने एक युनिट काम करताना किती ग्रॅम सूक्ष्म कण बाहेर टाकावेत याची मर्यादा २००० साली ०.३६ होती, चौथ्या टप्प्यात ती ०.०२ झाली, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या सहाव्या टप्प्यात ०.०१. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा २००० साली ८ ग्रॅम होती. ती चौथ्या टप्प्यात ३.५ आणि सहाव्यात ०.४ झाली. डिझेलातील गंधक दहा लाख भागांत दहा हजार होते, ते आता दहा आहे. पाचवा टप्पा मात्र शोधू नये. तो वगळून थेट सहाव्यावर जाण्याचा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केला होता.

कायद्याने आकडा सांगितला; तो गाठावयाचा कसा हे कायदा सांगत नाही. तेथे पुन्हा एण्णूरच्या कारागिराची पाळी येते. चौथ्या टप्प्यासाठी दोन वाटा होत्या. एक अशी की, ज्वाला प्रखर ठेवून काजळी कमी करावी, आणि जी ऑक्साइडे होतील ती धुराड्यात युरियाचे पाणी फवारून मोडावी. दुसरी अशी की, जळलेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा आत सोडावा, म्हणजे ज्वाला मंद होऊन ऑक्साइडे मुळातच कमी होतील. पहिल्या वाटेत तेल वाचते, पण लॉरीवाल्यास दुसरी टाकी सांभाळावी लागते. आडगावी ते पाणी मिळाले नाही तर काय करावे, ही चिंता त्याच्या मागे लागते. अशोक लेलँडने आपल्या चौथ्या टप्प्याच्या मोठ्या इंजिनांत दुसरी वाट धरली आणि जुन्या ओळखीचा इंधनपंपही कायम ठेवला. आपल्याकडील गावोगावच्या मिस्त्रीस जो पंप खोलता येतो तोच ठेवून नियम पाळावयाचा, या हट्टात आम्हांस त्या कोळशाच्या भट्टीची आठवण होते. अर्थात सहाव्या टप्प्याची मर्यादा इतकी कडक होती की युरियाचे पाणी आणि काजळीची गाळणी ही दोन्ही मोठ्या इंजिनांस घ्यावीच लागली.

तिरुवोट्टियूरच्या बुलेटची कहाणीही अशीच बोलकी आहे. इंग्लंडात मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, तरी तिचे ओतीव लोखंडी इंजिन येथे पिढ्यान्‌पिढ्या तसेच घडत राहिले. मध्यंतरी ग्रीव्हजने केलेले डिझेल इंजिन बसवून तिची एक अतिकाटकसरी बहीणही निघाली. तेल ती इतके थोडे पिई की खेड्यांतून तिला मागणी असे. परंतु २००० सालच्या धुराच्या नियमांपुढे ती टिकली नाही. काटकसर आणि स्वच्छता एकच, असे मानणाऱ्यांस याहून चांगले उदाहरण नको. मूळ बुलेटने मात्र नियमांशी जुळवून घेतले : प्रथम ऑस्ट्रियातील एव्हीएल संस्थेच्या साहाय्याने कमी पेट्रोलात जळणारे ॲल्युमिनियमचे इंजिन आले, मग २००९ च्या सुमारास सर्वस्वी नवी घडण आणि काही गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी विजेच्या नियंत्रणाने होणारी फवारणी आली, आणि २०२० मध्ये सहाव्या टप्प्याबरोबर ती फवारणी सर्वांस लागली. जुन्या भक्तांची तक्रार एकच, की तिचा तो धीरगंभीर आवाज पहिल्यासारखा राहिला नाही.

कायद्यानेच सारे साधले, असे म्हणून आम्ही थांबलो तर तेही अर्धसत्य होईल. २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले की, फोक्सवॅगन या जगन्मान्य कंपनीने आपल्या डिझेल मोटारींत अशी आज्ञावली बसवली होती, जी परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरी आणि रस्त्यावर येताच मोकळा सोडी. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. शाळा तपासनीस येणार म्हणून वर्ग झाडून ठेवणारे गुरुजी आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांचीच ही मोठी आवृत्ती. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांची परीक्षा प्रत्यक्ष रस्त्यावरही घेण्याचा नियम झाला, तो या अनुभवातून. याच कामासाठी केंद्र सरकारच्या योजनेतून उभे राहिलेले एक मोठे परीक्षाकेंद्र चेन्नईजवळ ओरगडम येथे आहे.

आणि नियम लागू होतो तो नव्या गाडीस. जुनी लॉरी आपल्या जन्मकाळच्याच नियमाने धावत राहते. तिच्या धुराचे प्रमाणपत्र ज्या कोपऱ्यावरच्या खोलीत मिळते तेथे नळी धुराड्यात खरोखर घातली जाते की नाही, यावर एका मोठ्या धोरणाचे अर्धे फळ अवलंबून असते. चेन्नईस समुद्राचा वारा आहे, म्हणून येथील नागरिकांस दिल्लीसारखे दिवस क्वचित दिसतात. पण वारा धूर नाहीसा करीत नाही. दुपारनंतर तो त्यास आतल्या वस्त्यांकडे ढकलतो इतकेच.

आता विजेच्या गाड्या येत आहेत, आणि एण्णूर व तिरुवोट्टियूर येथील इंजिनाचे युग मावळतीस लागले, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. तसे होईलही. परंतु या शतकभराच्या कथेतून जो निवाडा निघतो तो विजेच्या गाडीसही लागू पडेल असे आम्हांस वाटते. जेथे मालकाचा लाभ आणि शेजाऱ्याचे आरोग्य एका दिशेस आहेत, तेथे कारागिरावर भरवसा ठेवावा आणि सरकारने त्याच्या वाटेत येऊ नये. जेथे ते परस्परविरुद्ध आहेत, तेथे कारागिराच्या सद्बुद्धीची वाट पाहत बसणे म्हणजे कर्तव्यास चुकणे होय. तेथे आकडा, तारीख आणि ती तारीख न हलवण्याचा निश्चय हवा. या दोन प्रकरणांतील भेद ओळखणे, हे ज्याच्या टेबलावर कागद येतो त्याचे काम. शिसे काढण्याचा कागद जितकी वर्षे पडून राहिला, तितक्या वर्षांची मुले त्या हवेत वाढली.

म्हणून आमची आमच्या बांधवांस एवढीच विनंती आहे, की तंजावरास अवश्य जावे. परंतु एखाद्या रविवारी सकाळी उत्तरेचीही वाट धरावी. मणलीच्या ज्वाळा आणि एण्णूरच्या फाटकाबाहेर नव्या चेसिसवर उघड्यावर बसून हजारो मैलांच्या प्रवासास निघालेले चालक पाहावेत. त्या चेसिसच्या धुराड्यातून काय बाहेर पडेल आणि काय पडणार नाही, हे पुष्कळ अंशी आपल्यासारख्याच कोणीतरी बदलीच्या गावी बसून, एका कागदावर ठरवलेले आहे.